पहिला टाका : मराठी घरातील विणकामाचा आरंभ

मराठीतील ‘विणणे’ हे क्रियापद मोठ्या मनाचे आहे. कोष्टी मागावर लुगडे विणतो, सनगर घोंगडी विणतो, बुरूड सूप आणि टोपली विणतो, कोळी जाळे विणतो. परसातली बाजसुद्धा सुंभाने विणली जाते. दोन सुयांवर होणारा लोकरीचा स्वेटरही आपण विणतोच. इंग्रजीत मागावरच्या कामाला एक शब्द आणि सुयांवरच्या कामाला दुसरा. मराठीने मात्र ही सारी कामे एकाच छपराखाली घेतली. म्हणूनच लोकर आणि सुया जेव्हा मराठी मुलींच्या हाती आल्या, तेव्हा भाषेला नवे क्रियापद शोधावे लागले नाही. जुन्या घरात नवी सून यावी, तसे हे काम आपल्या शब्दांत सामावून गेले.

प्रस्तुत लेखात आम्ही ज्या प्रश्नाचा विचार करणार आहोत, तो वरकरणी अगदी घरगुती आहे. ज्याने कधी सुई हाती धरली नाही, त्याने विणायला आरंभ कसा करावा? हल्ली हा प्रश्न आमच्या मुली-सुना आणि नातवंडे विचारू लागली आहेत, आणि त्याचे उत्तर देणारे हात मात्र घरोघरी कमी होत चालले आहेत. पुस्तकी सूचना देऊन या प्रश्नाची बोळवण करता येईल. परंतु आमच्या मते त्याचे खरे उत्तर इतिहासात आहे. हे काम आपल्या घरी कोणत्या वाटेने आले आणि येताना त्याला येथे काय सापडले, हे समजले की पहिला टाका घालणे पुष्कळ सोपे होते.

कुळगी हे गाव दांडेलीहून अंबिकानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, काळी नदीच्या खोऱ्यातील रानात वसलेले आहे. १९५६ साली दांडेली अभयारण्य जाहीर झाले, २००७ साली त्यासह अणशीचे रान व्याघ्र प्रकल्पात आले, आणि २०१५ पासून हा प्रकल्प काळी नदीच्या नावाने ओळखला जातो. या मुलखात पावसाळा मोठा, आणि तो सरला की धुके व पहाटेचा गारठा. कुणबी, गवळी, मराठा, सिद्दी अशी नाना तऱ्हेची माणसे येथे शेजारी राहतात आणि मराठी, कोंकणी, कन्नड या भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. १८६२ पासून १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई इलाख्यात आणि पुढे मुंबई राज्यात होता, त्यामुळे आमच्या घरांचा मुंबई-पुण्याशी पत्रव्यवहाराचा, पुस्तकांचा आणि सोयरिकीचा संबंध राहिला. विणकामही अशाच वाटांनी, म्हणजे शाळेतून, मासिकातून आणि लग्न होऊन आलेल्या मुलींच्या पेटीतून घरोघर पोहोचत असे.

आधी या कामाचे स्वरूप पाहू. मागावरच्या कापडात ताणा आणि बाणा अशी दोन सुते एकमेकांना काटकोनात छेदतात. सुयांवरच्या विणकामात दोरा एकच असतो. त्याचा एक फास दुसऱ्या फासातून, दुसरा तिसऱ्यातून, असा ओढत न्यायचा. कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे यात गाठी नसतात. म्हणून हे कापड ताणले तर वाढते, सोडले तर पूर्ववत होते. आणि शेवटचा टाका मोकळा करून दोरा ओढला, तर सबंध वस्त्र उसवून पुन्हा दोऱ्याचा गुंडा होतो. मागावरच्या कापडाला ही सोय नाही. आपल्या घरातील बायकांनी मोठ्या भावाचा स्वेटर उसवून त्याच लोकरीचा धाकट्यासाठी नवा विणला, त्यामागे काटकसर होती हे खरेच. पण ती काटकसर या कामाच्या मूळ रचनेतच बसलेली आहे.

ही विद्या फार प्राचीन नाही. सुयांवर विणलेले सर्वांत जुने जे नमुने आज उपलब्ध आहेत, त्यांत इजिप्तमध्ये सापडलेले निळ्या-पांढऱ्या सुती मोज्यांचे तुकडे प्रमुख आहेत, आणि त्यांचा काळ साधारणपणे अकराव्या ते चौदाव्या शतकाचा मानतात. पुढे हे काम युरोपात रुजले. तेथे बराच काळ ते गोल विणले जाई. गोल विणताना कापडाची एकच बाजू समोर राहते, त्यामुळे साध्या मोज्याला सुलट टाका पुरे होतो. उलट टाक्याचा निश्चित पुरावा सोळाव्या शतकात मिळतो. १५६२ साली निधन पावलेल्या, फ्लॉरेन्सच्या ड्यूकच्या पत्नी एलिओनोरा यांना ज्या मोज्यांसह पुरले, त्यांत उलट टाके योजून नक्षी काढलेली आहे. म्हणजे आज पहिल्याच आठवड्यात जी जोडी शिकवली जाते, त्यातला दुसरा टाका पहिल्याच्या मागून दीर्घकाळाने आला. नवशिक्याने सुलट टाक्यावर पुष्कळ दिवस रेंगाळावे, असे आम्ही म्हणतो त्याला इतिहासाचाही असा आधार आहे. १५८९ साली विल्यम ली या इंग्रज पाद्र्याने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. तेव्हापासून यंत्र आणि हात यांची स्पर्धा सुरू आहे, आणि सव्वाचारशे वर्षांनंतरही हात पूर्णपणे थांबलेला नाही.

महाराष्ट्रात सुईकाम शाळेच्या दारातून आले. अमेरिकन मराठी मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली. सिंथिया फॅरार या शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईस उतरल्या, आणि पुढे त्यांचे नाव अहमदनगरच्या मुलींच्या शाळांशी कायमचे जोडले गेले. जोतीराव फुले यांनी त्यांची शाळा पाहिली होती, आणि १८४८ साली पुण्यात जी मुलींची शाळा निघाली तिच्यामागे त्या दर्शनाची प्रेरणा होती, हे सर्वश्रुत आहे. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट विल्सन यांनीही १८२९ मध्ये मुंबईस आल्यानंतर मुलींच्या शाळांचे काम उभे केले. मिशनच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर शिवण आणि सुईकाम हा मुलींच्या शिक्षणाचा नेहमीचा भाग असे. ज्या काळी विल्सन दांपत्याच्या मायदेशातून शिक्षिका इकडे येत होत्या, त्याच काळी तिकडे विणकामाची पुस्तके छापली जाऊ लागली होती. एडिंबरोच्या जेन गॉगन यांचे पुस्तक १८४० चे. तोंडी चालत आलेली विद्या तेव्हा नुकतीच कागदावर उतरत होती. मराठी घरांत मात्र ती पुढेही बराच काळ तोंडी आणि हातोहातच राहिली.

यानंतरचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्यात सुईला पोटापाण्याचा अर्थ आला. महर्षी कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्यास नेला. मुंबईत १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदन स्थापिले. पुण्यात १९०९ पासून रमाबाई रानडे यांनी सेवासदनाचे काम उभारले. तेथील शिवण व हस्तव्यवसायाच्या वर्गांत येणाऱ्या अनेक स्त्रियांना शिक्षण ही चैन नव्हती. सासर तुटलेले, माहेर थकलेले, आणि हाती काही कला असल्याशिवाय पुढचा दिवस कठीण, अशी त्यांची स्थिती होती. विणकामाकडे आज आपण फुरसतीचा छंद म्हणून पाहतो. एका पिढीपूर्वीच्या, किंवा त्याही आधीच्या, बाईसाठी सुईचे कसब म्हणजे कोणापुढे हात न पसरण्याचा उपाय होता, हे विसरता कामा नये.

शाळेतून निघालेले हे काम स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले ते बाळंतविड्यामुळे, असे आमचे मत आहे. पहिलटकरणीच्या बाळासाठी झबले, टोपडे, कुंची, दुपटे अशा वस्तू जमवण्याची आपली रीत फार जुनी. कुंची खणाची, दुपटे जुन्या लुगड्याचे, सगळे शिवलेले. या यादीत लोकरीचे मोजे, लोकरीचे टोपडे आणि बिनबाह्यांची बंडी कधी शिरली, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही, इतकी ती त्यात मिसळून गेली. बाळाची वस्तू लहान, लोकर थोडी, चूक झाली तरी उसवायला फारसे नाही. आणि वाट पाहण्याचे काही महिने हाताशी असतात. नवशिक्या हातासाठी याहून चांगली शाळा नाही. ‘वीण’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत, एक कापडाची गुंफण आणि दुसरा पिलांची पैदास. बाळंतविड्यासाठी विणणाऱ्या आजीला कोशातले अर्थ ठाऊक असोत वा नसोत, तिच्या मांडीवर दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते.

मासिकांनी या कामाला हातभार लावला. किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक १९३० च्या ऑगस्टमध्ये निघाले, आणि पुढील दशकांत महिलांच्या मराठी नियतकालिकांनी विणकामाचे नमुने घरोघर नेले. ‘दोन सुलट, दोन उलट, ओळ संपेपर्यंत’ अशी ती भाषा. तीत क्रियापदे जवळजवळ नाहीत, आकडेच अधिक. तरीही वाचणाऱ्या बाईच्या डोळ्यांपुढे टोपड्याचा काठ उभा राही. सुलट, उलट, टाका, काठ, जोडटाका, गोंडा; आणि क्रोशाच्या कामात साखळी, खांब, मुका खांब. परभाषेतील सूचनांना असे नेमके मराठी शब्द कोणी एकाने बसून घडवले नाहीत. शेकडो बायकांनी शिकता-शिकवताना ते घासूनपुसून घेतले. पारिभाषिक शब्दांसाठी पुढे समित्या नेमल्या गेल्या, पण इतके सुटसुटीत शब्द त्यांच्या हातून क्वचितच निघाले असतील.

लोकरीच्या कपड्यांची नावे मात्र रणांगणावरून आली. १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धातील बालाक्लाव्हा या लढाईचे नाव, डोके व कान झाकणाऱ्या टोपीला मिळाले. तिलाच आपण माकडटोपी म्हणतो. त्याच युद्धातील सेनानी लॉर्ड कार्डिगन यांच्यावरून पुढून गुंड्यांचा कार्डिगन, आणि सरसेनापती लॉर्ड रॅगलान यांच्यावरून गळ्यापासून तिरक्या निघणाऱ्या रॅगलान बाह्या. बेळगाव हे १९२२ पासून मराठा पलटणींचे केंद्र असल्याने या युद्धकथा आपल्या भागाला परक्या नाहीत. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूट येथे डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असा जो वेढा पडला, त्यात पुणे डिव्हिजनमधील मराठा पलटणी अडकल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्री इटलीच्या डोंगरांत लढली. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या पराक्रमासाठी, आणि शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे त्याच लढाईत पडले. सह्याद्रीतल्या पोराला युरोपचा हिवाळा सोसावा लागला, तेव्हा लोकरीची टोपी आणि हातमोजे हा शोभेचा प्रश्न राहिला नव्हता.

आता लोकरीकडे येऊ. घोंगडी विणणारा आपला मुलूख स्वेटरची लोकर बाहेरून का आणतो, असे कोणी विचारील. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते. पाऊस अंगावर न घेणाऱ्या घोंगडीला ती उत्तम. बाळाच्या कानाला ती बोचेल. मऊ लोकर गिरण्यांतून आली. १८७६ साली स्थापन झालेली कानपूरची गिरणी आणि तिची ‘लाल इमली’ ही खूण जुन्या घरांना परिचित आहे. पुढे पंजाबातील गिरण्यांचा माल आला. आज दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारा बराचसा दोरा ॲक्रिलिकचा असतो. खरी लोकर ओळखायची असेल तर दोऱ्याचा लहानसा तुकडा चिमट्यात धरून जाळावा. लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटांत चुरते; ॲक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. शिकण्यासाठी ॲक्रिलिकही चालते. केवळ ते विस्तवाजवळ जाईल अशा वस्तूसाठी वापरू नये.

सुईच्या नंबरातही इतिहास दडलेला आहे. आपल्याकडे सुया अजून जुन्या इंग्रजी नंबरांनी ओळखल्या जातात, आणि नंबर वाढला की सुई बारीक होते. नवशिक्याला हे उफराटे वाटते. ही पद्धत तारेच्या मापाशी जुळणारी आहे. तार साच्याच्या भोकांतून जितक्या वेळा ओढावी तितकी ती बारीक होते, आणि नंबरही तितकाच वाढतो. तारेचे हे माप १८८४ साली ब्रिटनमध्ये कायद्याने ठरले. १० नंबरची सुई सुमारे सव्वातीन मिलिमीटर जाडीची, तर ८ नंबरची ४ मिलिमीटरची. भारतात सुया बनवण्याचा कारखाना १९४९ साली निलगिरीत, उटीजवळ केट्टी येथे निघाला. ‘पोनी’ छापाच्या सुया आपल्याकडे प्रसिद्ध आहेत त्या तेथल्याच.

येथवर जे सांगितले त्यावरून कोणास वाटेल की विणकाम ही सर्वस्वी बाहेरून आलेली गोष्ट. साधने आणि रीत बाहेरून आली हे खरे, पण ती रिकाम्या हातात पडली नाहीत. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुलीला पंधरा ठिपके मोजून एकाआड एक सोडणे ठाऊक होते. विणकामातील नक्षी म्हणजे तेच गणित. टकळीवर लोकर कातणाऱ्या धनगराला दोऱ्याचा पीळ बोटांना कळत होता. गोधडी शिवणाऱ्या बाईला सारख्या अंतराचे टाके घालण्याची सवय होती. आमच्या शेजारच्या सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची ‘कवंदी’ शिवतात. कडेपासून आरंभ करून, फेऱ्या घेत घेत, त्या मध्याकडे येतात आणि चारी कोपऱ्यांवर कापडाची फुले लावतात. हल्याळ-यल्लापूर भागातील या कवंद्यांची कीर्ती आज देशाबाहेर गेली आहे. ज्या मुलखात असे हात आहेत, तेथे ‘मला काहीच येत नाही’ असे म्हणणारी व्यक्तीही खरोखर कोरी नसते. तिला मोजता येते, आवळता येते, सैल सोडता येते. एवढ्या भांडवलावर सुरुवात होते.

आता प्रत्यक्ष आरंभ. ८ नंबरच्या दोन सुया आणि मध्यम जाडीच्या, फिक्या रंगाच्या लोकरीचा एक गुंडा घ्यावा. काळी किंवा गर्द निळी लोकर घेऊ नये, तिच्यात टाके दिसत नाहीत. सरकगाठ करून ती डाव्या सुईवर चढवावी. तिच्यात उजवी सुई समोरून मागे घालावी, दोरा उजव्या सुईच्या टोकावरून फिरवून फास पुढे ओढावा, आणि तो नवा फास डाव्या सुईवर चढवावा. असे वीस टाके घालावेत. टाके घालण्याच्या इतरही रीती आहेत. पण या रीतीत हाताला जी हालचाल पडते तीच पुढे सुलट टाक्याची असल्यामुळे एका श्रमात दोन धडे होतात.

सुलट टाक्याच्या हालचाली चार. दोरा मागे ठेवून सुई घालावी, दोरा फिरवावा, फास पुढे ओढावा, आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यावा. ओळ संपली की सुया हातांत बदलाव्यात आणि पुन्हा तेच करावे. पहिले काही दिवस याखेरीज काहीही करू नये. प्रत्येक ओळीनंतर टाके मोजावेत. विसाचे एकवीस झाले, तर बहुधा दोरा सुईवरून चुकून आडवा गेला आहे किंवा एका टाक्याचे दोन धागे वेगळे धरले गेले आहेत. विसाचे एकोणीस झाले, तर खाली कोठेतरी टाका सुटला आहे. सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर आणता येतो, तेवढ्यासाठी सगळे उसवण्याचे कारण नाही. नवशिक्याचे टाके बहुधा घट्ट होतात, कारण मनातील धास्ती बोटांत उतरते. टाका सुईच्या टोकावर न घेता तिच्या पूर्ण जाडीवर घेतला की हा दोष हळूहळू जातो.

वीतभर पट्टी झाली की उलट टाका शिकावा. दोरा पुढे घ्यावा, सुई टाक्यात मागून पुढे घालावी, दोरा फिरवून फास मागे ओढावा. मग एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी विणून पाहावी. एका बाजूस उभ्या वेण्यांच्या रांगा दिसतील. दुसऱ्या बाजूस ज्वारीच्या दाण्यांसारखे आडवे उंचवटे. येथे नवशिक्याला या विद्येतले मर्म कळते. सुलट आणि उलट हे दोन निराळे टाके नाहीत. एकाच टाक्याच्या त्या दोन बाजू आहेत. सीमाभागात राहणाऱ्या आम्हा मंडळींना हे फार समजावून सांगावे लागत नाही. तेच गाव, तेच घर. पण इकडून पाहणारा एक नाव देतो आणि तिकडून पाहणारा दुसरे.

अशा कापडाच्या कडा वळतात, म्हणून गळपट्टा या रीतीने विणू नये. तो सर्व ओळी सुलट ठेवून करावा, म्हणजे सपाट राहतो. ताणला जाणारा काठ हवा असेल तर दोन सुलट, दोन उलट असे टाके घ्यावेत. मनगट, गळा आणि टोपडे यांना हाच काठ लागतो. यानंतर हिशेब. आपल्या हाताने विणलेल्या तुकड्यावर १० सेंटिमीटर रुंदीत किती टाके बसतात, ते मोजावे. समजा २२ बसले. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर. म्हणजे ७७ टाके. दोन-दोनच्या काठाला चाराच्या पटीत संख्या हवी, म्हणून ७६ घ्यावेत. सुमारे १५ सेंटिमीटर उंचीचा सरळ तुकडा विणावा, शेवटच्या ओळीतील सर्व टाक्यांतून दोरा ओवून आवळावा, पाठीमागची कड शिवावी आणि वर गोंडा लावावा. टोपडे तयार झाले. यात चौथीच्या गणितापलीकडे काही नाही.

या कामाचा आणखी एक गुण आम्हा वसाहतकऱ्यांच्या दृष्टीने विशेष आहे. माग हलवता येत नाही. खड्डामागाला जमीन लागते, छप्पर लागते, ठरलेली जागा लागते. दोन सुया आणि गुंडा मात्र पिशवीत मावतात. काळी नदीवर गणेशगुडी येथे १०१ मीटर उंचीचे सुपा धरण १९८७ साली पूर्ण झाले, तत्पूर्वी जुने सुपा गाव उठले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले आणि अनेक कुटुंबे रामनगरला जाऊन राहिली. ज्यांचे अंगण पाण्याखाली गेले, त्यांना जाते, उखळ, माळा यांतले सगळे काही नेता आले नसेल. हातातले कसब आणि तोंडातले शब्द एवढेच माणूस कोणत्याही गाडीभाड्याविना नेऊ शकतो. आमचे पूर्वज घाटमाथ्यावरून या रानात आले तेव्हाही त्यांच्याजवळ मुख्यतः हेच होते.

म्हणूनच आम्हाला आजची काळजी वाटते. तयार स्वेटर बाजारात विणलेल्यापेक्षा स्वस्त मिळतो, आणि लोकर विकत घेऊन वस्तू बनवणे हिशेबात परवडत नाही, हे मान्य केले पाहिजे. आमच्या नातवंडांचे शिक्षण कन्नड वा इंग्रजी माध्यमात होते, तेही योग्यच आहे. ज्या मातीत राहायचे तिची भाषा उत्तम यायला हवी. परंतु मराठी जर केवळ सणावारी भाषणापुरती आणि नातेवाइकांच्या पत्रिकांपुरती उरली, तर ती पुस्तकी होऊन वाळेल. भाषा टिकते ती हातांच्या कामात. ‘टाका सुटला’, ‘काठ सैल झाला’, ‘उसवून पुन्हा घे’ अशी वाक्ये आजीने नातीच्या बोटांवर बोट ठेवून उच्चारली, तर ती शब्दकोशातून शिकवावी लागत नाहीत. नातीला टोपडे येईल आणि त्याबरोबर शंभरएक मराठी शब्द न सांगता येतील. आजी गेली की त्या शब्दांना जागा उरणार नाही; ‘उसवणे’ लेखकांच्या अलंकारात तेवढे राहील.

यंदाच्या थंडीत प्रत्येक घराने एवढे करावे, अशी आमची विनंती आहे. घरात ज्यांना विणता येते त्यांच्याजवळ एका मुलाला किंवा मुलीला रोज अर्धा तास बसवावे. मुलगेही बसवावेत, सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातील विणकरांच्या संघांत पुरुषच होते, त्यामुळे संकोचाचे कारण नाही. शिकवणे मराठीत चालावे. जेथे विणणारे कोणी उरले नाही, तेथे शेजारच्या घराची मदत घ्यावी, मग ते घर कन्नड बोलणारे असो की कोंकणी; टाका सर्वांचा एकच आहे, शब्द आपले आपण लावून घेऊ. आणि ज्या वृद्ध भगिनींना जुन्या नमुन्यांची नावे आठवतात त्यांनी ती वहीत लिहून ठेवावीत, शक्य तर नमुन्याचा चार बोटे तुकडा विणून त्या पानाला टाचावा. अशा दहा-वीस वह्या जमल्या, तर पुढच्या पिढीतील नवशिक्याला पहिला टाका घालताना परक्या पुस्तकाकडे पाहावे लागणार नाही.